आबांनी मारलेला बोळा

आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांनी जमिनीतलं पाणी वर काढण्यात जन्म घालवला, आणि मला नोकरी लागली ती जमिनीतलं पाणी हाकलून लावायची.

आमचं गाव जत तालुक्याच्या पार टोकाला. तिथून माझ्या नोकरीचं शिरोळ म्हणजे दोन एसट्या बदलायच्या, पण पाण्याच्या हिशेबानं थेट परदेश. पणजोबांनी हातानं विहीर खणली आणि मोटेनं पाणी काढलं. आजोबांनी त्याच विहिरीत सुरुंग लावून ती खोल केली आणि वर इंजिन बसवलं. इंजिनानं पाणी भराभर वर आलं, ते बघून शेजाऱ्यांनीही इंजिनं बसवली, आणि पाणी भराभर खाली गेलं. मग माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, विहिरीच्या पोटात आडवी बोरं मारली. तीही आटल्यावर उभं बोर मारलं. (त्यातून पहिल्या दिवशी धुरळा निघाला. दुसऱ्या दिवशीही धुरळाच, पण जरा गार!) थोडक्यात, आमच्याकडं प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा खोल गेली. मी तेवढा उथळ निघालो. नववीत शाळा सोडली, कारण पहिला तास आणि पाण्याचा टँकर एकाच वेळी यायचे, आणि गुरुजी निदान रोज तरी यायचे.

शिरोळला अण्णा म्हणून बागायतदार होते, त्यांनी मला कामाला ठेवून घेतलं. मळ्यातली खोली दिली, पोरीला शाळेत घालायला स्वतः आले, बायकोला गोठ्यातलं काम दिलं. त्यांच्या उपकाराखाली मी इतका दबलोय, की अण्णा नुसते शिंकले तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तर या अण्णांनी पहिल्या दिवशी काम सांगितलं, "पाणी नीट जातंय का बघत जा." मी दोन दिवस विहिरीपाशी बसून पाणी येतंय का तेच बघत राहिलो. पाणी घालवण्यासाठी माणूस ठेवतात, हे आमच्या रक्तातच नव्हतं!

मग अण्णांनी समजावलं. इथल्या रानांत वर्षानुवर्षं ऊस घेतला आणि उसाला वारेमाप पाणी पाजलं. जमीन पिऊन पिऊन फुगली आणि खालचं मीठ वर आलं. अण्णांचं खालचं रान तर असं पांढरं पडलं होतं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कुणीतरी पापड वाळत घातलेत. म्हणून अण्णांनी जमिनीत भोकाचे पाईप पुरले. जादा पाणी त्यांत झिरपतं आणि शेवटच्या मोठ्या पाईपातून ओढ्यात पडतं. पाईप वाहता राहिला, तर रान सुधारतं. त्या पाईपाच्या तोंडाचा राखणदार मी.

आणि रान सुधारलं की! किती वर्षांनी तिथं उसाची लावण झाली. पण आजूबाजूच्या रानांचं पाणी पाझरून पुन्हा अण्णांकडंच यायचं. सगळ्या शिवारानं मिळून पाईप घातले तरच कायमचं भागणार होतं, आणि शेजारी तर अण्णांना हसत होते. शेवटी हो-ना करता करता ते रविवारी रान बघायला यायला तयार झाले. अण्णांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "सिद्धू, रविवारी रान कोरडं दिसलं पायजे. इज्जतीचा प्रश्न हाय." त्या वाक्यानं माझी झोपच उडाली.

आणि त्याच आठवड्यात आबा पहिल्यांदा माझ्याकडं राहायला आले.

मी त्यांना मोठ्या कौतुकानं पाईप दाखवायला नेलं. पोरगा काय काम करतो ते बापानं बघावं, एवढीच हौस. भर उन्हाळा, आणि मनगटाएवढी धार ओढ्यात पडत होती. आबा जागच्या जागी खाली बसले. मग ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकली.

"खारट हाय," मी म्हणालो.

"आसू दे की. पाणी हाय न्हवं?" आबा म्हणाले. "आन् तू हितं बसून काय करतोस?"

"पाणी जातंय का बघतो."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू आपला पोरगा चोरांच्या टोळीत कामाला लागलाय. मी मिठाचं, उसाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शहाण्या माणसासारखी मान हलवली. (आबांनी मान हलवली की समजावं, एक अक्षरही आत गेलेलं नाही.) संध्याकाळी ते जेवले नाहीत. बायकोनं विचारलं तर म्हणाले, कानात धार वाजतीय.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी अण्णांबरोबर शहरातल्या शाहूपुरीत पाण्याच्या मोटारीचं सामान आणायला निघालो, तेव्हा आबांनी माझ्याकडं दोन पोती आणि खोरं मागितलं. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारा रमला. पोती तर दिलीच, वर कुठं चांगली चिकण काळी माती मिळेल तेही दाखवलं. एवढंच काय, "आबा, उन्हाचं दमानं घ्या" असंही म्हणालो! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. धोंडा उचलणाऱ्याला पाणी विचारणारा मीच.

त्यातच शुक्रवारी उसाला पाणी पाजलेलं; रविवारपर्यंत पाईप ते ओढून नेईल, हा हिशेब. शनिवारी सकाळी खालच्या रानात गेलो, तर सऱ्यांत पाणी तुंबलेलं आणि उसाचे कोंब नाकापर्यंत बुडालेले. कारण शोधायचं सोडून मी तडक अण्णांच्या सोप्यात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं."

"काय केलंस?"

"ठाऊक न्हाय. पण मीच केलं आसणार."

अण्णा रानात आले. पाण्याकडं बघून त्यांचा चेहरा उसाच्या पाचटासारखा झाला. पाईप आतनं फुटला असेल म्हणून आम्ही दिवसभर दोन ठिकाणी चर खणले. खणायला आबाही हौसेनं आले. तुंबलेलं पाणी बघून त्यांचं तोंड असं फुललेलं, की मला वाटलं उन्हाचं कमी-जास्त झालंय. मधेच मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघ लेका, कसं राहिलं पाणी." माझं लक्ष माझ्या नोकरीकडं होतं. पाईपाच्या तोंडाशी जाऊन बघावं, ज्याच्यासाठी मला ठेवलंय तेवढं एकच काम करावं, हे मात्र मला सुचलं नाही!

रविवारी शेजारी आले. अण्णा त्यांना चहात गुंतवत होते आणि मी खोलीत बायकोला भांडी बांधायला सांगत होतो. शेवटी एका शेजाऱ्यानं विचारलंच, पाईपाचं तोंड कुठंय. सगळी वरात ओढ्याकडं निघाली, मागून मी, आणि माझ्या मागून आबा.

पाईपाला तोंडच नव्हतं. तिथं पोतं, काळी माती आणि दगड यांचा असा बोळा बसवला होता, की वरून हात फिरवून गुळगुळीत केलेलं दिसत होतं. आमच्याकडं ओढ्याला बांध घालतात, तो असाच. त्यावर म्हैस बसली तरी हलत नाही.

"ह्यो कुणी मारला?" अण्णांनी विचारलं.

आबा पुढं झाले, टोपी सारखी केली. "म्या. तुमचं दिवसाढवळ्या वाया चाललं हुतं. पोराला कळत न्हाय."

मी पहार उचलली. आता नोकरी जाणारच आहे, तर निदान बोळा तरी आपल्या हातानं काढू, असा विचार करून मी पाईपाच्या बरोबर समोर उभा राहिलो. (समोर! बाजूला नाही.) चार घाव घातले, काही झालं नाही. पाचव्याला बोळा निघाला आणि त्याच्या मागोमाग अख्खं रान निघालं. पोतं माझ्या छातीवर, दगड शेजारून, मी ओढ्यात. डोकं वर काढलं तेव्हा शेजारी माझ्याकडं नाही, धारेकडं बघत होते.

"एवढं पाणी रानात साठलं हुतं?" एकजण म्हणाला. "मग आमच्यात किती आसंल रं?"

"तुमचं तर ह्याच्यापरास खोलगट हाय," अण्णा लगेच म्हणाले. मी ओढ्यातून चप्पल शोधून वर येईपर्यंत सऱ्यांतलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत उतरायला लागलं होतं. जे अण्णांना वर्षभर बोलून जमलं नाही, ते बोळ्यानं करून दाखवलं. जाताना सगळ्यांनी मिळून पाईप घालायचं ठरवलं.

लोक गेल्यावर आबा अण्णांसमोर उभे राहिले. ऊस मरणार होता, हे त्यांना लोकांच्या बोलण्यातून आता कळलं होतं. "अण्णा, चूक माझी. पोराला काढू नगासा. मी आजच्या गाडीनं जातो." आबांचा आवाज इतका खाली आलेला मी बोर फेल गेलं तेव्हाही ऐकला नव्हता. मी भिजलेला होतो म्हणून बरं. डोळ्यांचं वेगळं दिसलं नाही.

अण्णा हसले. "पावणं, बसा की. आता सगळ्या शिवाराचं पाणी जाणार, त्याला राखण पायजे. पाणी जाताना ज्याच्या पोटात कालवतंय, त्यालाच थेंबाथेंबाची खबर लागंल. तुमच्या पोरानं तीन दिवसांत पाईपाचं तोंडसुदीक बघितलं न्हाय."

तेव्हा माझी नोकरी गेली म्हणायची तर गेली, पण घरातच राहिली. आबा आता सकाळी काठी घेऊन सगळ्या पाईपांवरून फिरतात, आणि मी त्यांच्या हाताखाली गाळ काढतो. परवा मी खाली पाईपांच्या चेंबरमध्ये होतो, तेव्हा वर आबा अण्णांना विचारत होते, "पोरगं कष्टाळू हाय वो. पण ह्याला आधी कुणाच्या वशिल्यानं ठिवलंतासा?"