नापास झालेला फोटो

“मारू नको रे तिले! मारी टाकशी तिले, भाऊ!”

आप्पा एवढ्यांदा ओरडले, की शहाद्याच्या एसटी स्टँडवर तळोद्याच्या गाडीला लटकलेले चार जण दचकून खाली उतरले, असं नंतर गावभर झालं. गावभर करणारा मीच, ते सोडा. मी फक्त कॉम्प्युटरच्या डब्याला तळहाताची एक थाप दिली होती. दुसरी द्यायला हात उचलला तर ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. आयुष्यभर केळीचे घड उचललेला हात तो. अजून पाऊस यायचा झाला की माझं मनगट आधी सांगतं.

तो डबा मी घेतला त्याला आता पंचवीस वर्षं झाली. तेव्हा सातपुड्यातून जीपा भरभरून माणसं तो बघायला यायची आणि जाताना पाया पडून जायची. बरं, एक जीप आली होती. तीही पंक्चर काढायला थांबलेली. पण माझं दुकान जोरात होतं. लग्नपत्रिका, अर्ज, फोटो, अर्ध्या तालुक्याची लग्नं माझ्या डब्यातून निघाली. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि मी दुकान गुंडाळून घराच्या पुढच्या खोलीत आणलं. एक टेबल, हा डबा, माझ्या खुर्चीमागे पत्रिकांच्या नमुन्यांचं काचेचं कपाट. बायको नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी सुरतेला गेली, त्याला यंदा चार वर्षं झाली. रोज फोन येतो. “जेवलात का?” “जेवलो.” “बरं.” ठेवते. त्यानंतर दिवसभर माझ्या खोलीत बोलणारं कोणी असेल तर पंखा, आणि त्याचंही एकच वाक्य.

अशात आप्पा आले. तापीकाठच्या एका गावाहून, बाजाराच्या दिवशी, हातात पिशवी.

“भाऊ, मन्ही म्हातारीना फोटो तुन्हा डब्बामा शे.”

फॉर्मसाठी दोघं नवरा-बायको माझ्याकडे फोटो काढायला आले होते. वीस वर्षं तरी झाली असतील. मी कॅमेरा रोखला आणि सवयीने सुरू झालो, की तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलाखाली मगरीने माझी सायकल गिळली आणि पुढच्या बाजाराला तीच मगर घंटी वाजवत शहाद्यात आली. आजीबाई मान मागे टाकून, दाढा दिसेपर्यंत हसल्या. नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. तोंड उघडं असलेला फोटो सरकारला चालत नाही, म्हणून दुसरा काढला. पहिला नापास झाला तो डब्यातच राहिला.

“आप्पा, दुसरा कोणता फोटो नाही का?”

“आधारवर शे ना. त्यामा ती कोंबडीचोर दिखस.” आप्पांनी पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाले, “दसरा व्हयना का आठ दिनमा वरीसश्राद्ध शे. पाटवर तो हासता फोटोच ठेवसू.”

एवढं साधं काम. पण डबा चालू केला, तर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच रडगाणं, डिस्क सापडत नाही. म्हणून ती थाप, आणि म्हणून ती आरोळी. आप्पांची बस साडेचारची. “पुढला बाजारले येस,” म्हणून ते गेले.

ते गेल्यावर मी डबा उघडला. आत धुळीचा असा थर, की दादर ज्वारी पेरली असती तर कणसं आली असती. तळात एक बटणासारखा सेल असतो. वीज नसताना यंत्राला जे आठवतं ते त्याच्या जोरावर. तो मेला होता. डिस्क ठणठणीत, डबाच विसरला होता, की आपल्या पोटात डिस्क आहे. घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला, डिस्कची माहिती पुन्हा भरली, आणि ती घर्र करून उठली. पाच मिनिटांत आजीबाई पडद्यावर. दाढांसकट.

माझ्याच थापेवर हसणारं माणूस मी किती वर्षांनी पाहत होतो!

मोबाईलने पडद्याचाच फोटो काढला असता तरी आप्पांचं काम झालं असतं. मी काढला नाही. काढला तर ते पुढच्या बाजाराला येतील, फोटो घेतील, आणि संपलं.

पुढच्या बाजाराला आप्पा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा घेऊन आले. मी चेहरा पाडून सांगितलं, “आप्पा, डिस्कला वात झालाय.” त्याच्या पुढच्या बाजाराला तिला मुरडा झाला. मग सांधे धरले. मी पडदा माझ्याकडे वळवून बसायचो, फोटो उघडायचो, कीबोर्ड बडवायचो आणि तोंडाने गोष्टी सांगायचो. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत मी एकट्याने होळीचा दांडा कसा पेलला, वगैरे. आप्पा समोर स्टुलावर. पंख्याखालची खुर्ची मी किती वेळा पुढे केली, “आठेच बरं शे,” म्हणत हलायचे नाहीत. माझ्याच दिशेने टक लावून ऐकायचे. असा श्रोता मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. सव्वाचार झाले की पिशवी उचलायचे.

दसरा बाजाराच्याच दिवशी आला. मनाशी ठरवलं, आज पुरे. आपट्याच्या पानाबरोबर फोटो द्यायचा. डबा सुरू केला, झाकण काढलेलंच होतं, आप्पांना स्टुलावर बसवलं आणि जिलेबी आणायला कोपऱ्यावर गेलो.

परत येतो तर दारातच नारळ फुटल्याचा आवाज, आणि त्यामागून फट्!

आप्पांनी पूजा केली होती. त्यांच्याकडे दसऱ्याला पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, कोयता, विळा, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग ह्या डब्यानेच काय पाप केलं? पिशवीतून ताट काढून उघड्या पोटात हळदकुंकू, अक्षता, फूल, आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलेलं. यंत्र सुरू असताना. पडदा काळा. धूर निघत होता, तो उदबत्तीचा किती आणि डब्याचा किती, ते सांगता येत नव्हतं.

“भाऊ,” आप्पा हातात नारळाची अर्धी वाटी धरून म्हणाले, “काही चुकनं का?”

मी म्हटलं, “नाही आप्पा. बरं केलं. पुढच्या बाजाराला या, देतो.”

वरीसश्राद्ध त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे सगळं मिळून एक आठवडा. इतके दिवस खोटी आजारी असलेली डिस्क आता खरी मेली होती. तिला मारणाऱ्या हाताला पूजा करायची बुद्धी माझ्या थापांनीच दिली होती.

त्या आठवड्यात मी एकही थाप मारली नाही. ऐकायलाही कोणी नव्हतं. डिस्क सोडवली, उलटी केली. खालच्या हिरव्या पट्टीवर कुंकवाचा चिखल वाळलेला. चपटी वायर जिथे बसते तिथल्या पिनांत तांदळाचा एक दाणा घट्ट अडकलेला. तो सुईने काढायला मला अख्खी दुपार लागली. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, जुन्या टूथब्रशने एकेक पिन घासली, उन्हात सुकवली. जळालेल्या वीजपेटीच्या जागी भंगारवाल्याकडून दुसरी आणली. जोडलं. टक्. टक्. टक्. बंद. पुन्हा सोडवलं, पुन्हा घासलं. सुरतेहून फोन आला, “जेवलात का?” मी पहिल्यांदाच म्हणालो, “नाही.” तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाली, “का हो?” मी फोन ठेवून पुन्हा ब्रश उचलला.

बाजाराच्या आदल्या दिवशी, सकाळी, ती उठली. घर्र नव्हे, घशात काहीतरी अडकल्यासारखी. मी मोबाईल आधीच हातात धरून बसलो होतो. फोटो वरून खाली हळूहळू उतरला. पदर, कपाळ, डोळे, मग ते हसू. मी पटापट सात-आठ वेळा टिपलं. नवव्याला डिस्कने एक खरखर काढली आणि थांबली. नंतर तिला मी स्पिरिट पाजलं, ऊन दाखवलं, हात जोडले. उठली नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो चौकटीत घालून आप्पांच्या हातात दिला. त्यांनी काच धोतराच्या सोग्याने पुसली. पुसलेलीच होती, तरी पुसली.

मी म्हणालो, “आप्पा, एक सांगतो. हा पहिल्याच बाजाराला निघाला होता. मी मुद्दाम दिला नाही.”

“माले माहीत शे.”

“कसं?”

त्यांनी हनुवटीने माझ्या मागे दाखवलं. मी वळलो. कपाटाच्या काचेत बंद पडद्याचा काळा चौकोन स्वच्छ दिसत होता. स्टुलावरून पाहिलं, की नेमका माझ्या खांद्याशेजारी. इतके बाजार ते टक लावून माझ्याकडे बघत नव्हतेच तर.

“मग बोलला का नाहीत?”

आप्पांनी चौकट टॉवेलात गुंडाळली, पिशवीत उभी ठेवली.

“मन्ही बस साडेचारनी ऱ्हास,” ते म्हणाले. “तवलोंग कोठे बसतू?”