शेजारच्या नॉर्वेजियन लेखिका

ऐंशीच्या दशकात आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घर घेतलं. त्याच हिवाळ्यात शेजारी एक नॉर्वेजियन बाई मुलीकडे राहायला आल्या. सत्तरीच्या, उंच, नुकताच नवरा गेलेला. त्यांची मुलगी, जावई आणि माझे हे सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायचे. मागे उरायचो त्या आणि मी; दुपारी शाळेतून माझी सहा वर्षांची लेक यायची.

त्या लेखिका आहेत हे महिनाभरानं कळलं. एका बेटावरच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. फारशा कुणी वाचल्या नाहीत. मग वर्गातल्या पोरांसाठी समुद्रातल्या एका आळशी सील प्राण्याची गोष्ट लिहिली आणि ती घरोघरी गेली. पुढे वीस वर्षं प्रकाशक सीलच मागत राहिले. हे त्या हसत सांगायच्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आता त्या एका विधवेवर चौथी कादंबरी लिहीत होत्या. दुपारी चहा घेताना लिहिलेलं मला इंग्रजीत सांगायच्या. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे जमायचं.

"कंटाळा आला तर स्पष्ट सांग हं," त्या म्हणायच्या. मी आपली मान डोलवायची.

एकदा लेक मध्येच म्हणाली, "आई, धिस इज सो बोरिंग! ती नुसती विंडोतून बघतेय."

मी तिला दटावलं. बाईंनी मला विचारलं, "तुलाही तसंच वाटतं?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "हो. गेले तीन दिवस."

त्या कप ठेवून निघून गेल्या. चार दिवस फिरकल्या नाहीत. मला अन्न गोड लागेना. शेवटी शिरा करून बर्फातून त्यांच्या दारी गेले.

"चाळीस पानं फाडली," दार उघडताच त्या म्हणाल्या. "आता ती घराबाहेर पडते. आत ये, सांगते."

उन्हाळ्यात त्या परत गेल्या. दोन वर्षांनी कादंबरी टपालानं आली. मला त्यातलं नॉर्वेजियन अक्षरही कळत नव्हतं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, पुस्तक फार खपलं नाही. पण नवरा गेलेल्या काही बायकांनी लांबलचक पत्रं पाठवलीत. पुस्तक निघाल्यानंतरच्या हिवाळ्यात नवं लिखाण बाजूला ठेवून त्या एकेकीला उत्तर लिहीत बसल्या होत्या.