चिरलेलं बोट

गेल्या आठवड्यात पपई कापताना माझं बोट चांगलंच चिरलं होतं. आज पाहिलं तर जखम भरून आली आहे. नवी कातडी दोन्ही कडांनी वाढत आली, मधोमध जुळली आणि तिथंच थांबली.

पपई नलूमावशींनी आणली होती. माझ्या बायकोला, सुनंदाला, कॅन्सर झाल्यापासून भेटायला येणारा प्रत्येकजण एक फळ आणतो आणि एक कारण. मावशींचं कारण म्हणजे आमचा काळा नॉनस्टिक तवा. "तुमच्याकडे बाहेरचं खाणं नाही, तंबाखू नाही. मग तवाच तो," त्या आजही म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. पेशी विभागताना स्वतःची नक्कल करते. नकलेत चुका होतात, त्यातल्या बहुतेक शरीरच दुरुस्त करतं, काही निसटतात. त्या साठत गेल्या की एखादी पेशी थांबायचंच विसरते. पुष्कळदा यात कुणाचाच दोष नसतो. हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते खरं, पण तवा लोखंडाचाच बरा."

त्या गेल्यावर सुनंदानं हळूच विचारलं, "अहो, मी तो तवा आधीच टाकायला हवा होता का?"

मी चिडून बोट तिच्यापुढे धरलं. "ही कातडी बघ, बरोब्बर वेळेवर थांबली. त्यासाठी मी काय मोठं पुण्य केलं होतं?"

तिनं बोट उलटसुलट करून पाहिलं.

"तुम्हाला तर पपईसुद्धा धड कापता येत नाही," ती म्हणाली.