तिच्या हातची गाठ

माझी आर्या सात वर्षांची. दोन जिने चढली की धापा टाकायची आणि मी देवघराकडे बघून मनातल्या मनात भांडायचे. औषधं झाली, टॉनिकं झाली. अंगारा लावून झाला, पण लेकीच्या गालावर रंग काही येईना. देव ऐकतोय का नाही, असं वाटू लागलं होतं. शेवटी खंडोबासमोर 'पोर बरी कर, मगच हा काढीन' असा नवस बोलून तिच्या गळ्यात ताईत बांधला, काळ्या दोऱ्यात चांदीची पेटी आणि एक इवलंसं घुंगरू. सासूबाईंनी बजावलं होतं, "पोर बरी होवोस्तर काढायचा नाय. काढावाच लागला तर बांधणारीनं गाठीला हात लावायचा नाय, अन् खाली कुठं ठेवायचा नाय."

मुकुंदवाडीच्या आमच्या डॉक्टरांना छातीत काहीतरी वेगळं ऐकू आलं. त्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं छातीवर छोटा माइक लावून हृदयाच्या आवाजाचा आलेख काढतात. आर्याच्या आलेखात मात्र नुसतं गवत उगवल्यासारखं दिसत होतं. श्वास घेतला की घुंगरू वाजे आणि माइक तेच टिपून घेई. ताईत पाठीकडे सरकवला तरी तेच. "ताई, काढा ना ते," सिस्टर वैतागल्या, "नाहीतर कात्री आणते."

कात्री म्हटल्यावर मी मधे आले. मी तशी हट्टी. ताईत मुठीत धरून उभी राहिले. आर्या हळूच म्हणाली, "आई, देव रागवंल का गं?" "मी बांधलाय, मला सोडता येत नाही, खाली ठेवता येत नाही," मी सिस्टरांना सांगितलं. रडूच आलं.

दाराशी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन एक बुरखेवाली बाई बसली होती. ती उठून आत आली. "भाभी, तुम हात नक्को लगाओ. मैं खोलती. नीचे भी नहीं रखती, मेरी मुठ्ठी में रहेगा." तिनं दाताखाली धरून गाठ सैल केली, ताईत मुठीत घट्ट धरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. घुंगरू वाजू नये म्हणून हललीसुद्धा नाही. तेवढ्यात तिच्या वडिलांचं नाव पुकारलं. "बाद में आती," एवढंच म्हणाली आणि त्यांचा नंबर जाऊ दिला.

खोली शांत झाली. तिथल्या डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवलं. दोन ठोक्यांच्या मधे रेघ सपाट हवी, तिथं ती थरथरत होती. जन्मल्यावर बंद व्हायला हवी होती, ती हृदयाजवळची वाट उघडी राहिली होती. "बरं झालं, वेळेत कळलं," ते म्हणाले. पुढच्या तपासणीत तेच निघालं. मांडीच्या शिरेतून नळी घालून ती वाट बंद केली. आता आर्या जिने चढते आणि वरून मला चिडवते.

त्या दिवशी आलेख झाल्यावर त्या बाईनंच ताईत आर्याच्या गळ्यात परत बांधला होता. मी नाव विचारायच्या आत ती वडिलांना घेऊन गर्दीत मिसळली. देवाला मी अट घातली होती, आणि त्या अटीत मीच अडकले होते. मला सोडवायला त्यानं दुसऱ्याचे हात पाठवले, असं मी मानते.

नवस फेडायला गेलो तेव्हा पुजारी म्हणाले, "गाठ सोडून द्या." मी नाही म्हटलं. आर्याच्या डोक्यावरून ताईत अलगद काढला आणि त्या बाईच्या हातची गाठ तशीच देवापुढे ठेवली.