दोन मणके

हाड हातात घेतलं की बाई डोळे मिटायच्या आणि त्यावरून सावकाश अंगठा फिरवायच्या. सोलापुरातले हवालदार त्यांना ‘हाडाच्या बाई’ म्हणत. न्यायवैद्यक विभागात मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली.

“मातीनं खाल्लेलं हाड आणि रोगानं खाल्लेलं हाड वेगळं,” त्या सांगायच्या. “माणूस जिवंत असतो तोवर हाड स्वतःला सावरायला बघतं. कडा गुळगुळीत होतात. मेल्यावर कोण सावरणार?”

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका बंद कारखान्यामागच्या विहिरीत सांगाडा सापडला. पाठीचे दोन मणके खचून एकमेकांना चिकटलेले. बाईंनी अंगठा फिरवला. “लहानपणी मणक्याचा क्षय झालेला. पोक असणार याला.”

पोलिसांच्या यादीत तसा एक बेपत्ता होता. केम गावचा, सोलापुरात पॉवरलूमवर कामाला. लहानपणी टीबी, पाठीला पोक. वय, उंची, सगळं जुळलं. डीएनएचा अहवाल यायला अजून अवकाश होता, पण त्याची आई रोज येऊन पायरीवर बसायची. “माजं पोरगं मला द्या,” एवढंच म्हणायची. पाचव्या दिवशी बाईंनी ओळख पटल्याची सही केली. घरच्यांनी हाडं नेली, अग्नी दिला.

पुढे अहवाल आला. तो तिचा मुलगा नव्हता.

पोलीस कळवतो म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. मला घेऊन त्या रेल्वेनं केमला गेल्या आणि अंगणात उभ्या राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. “चूक माझी आहे,” असंही त्या म्हणाल्या.

म्हातारीनं विचारलं, “मग माजा पोरगा जिवंत असंल की?”

“माहीत नाही, मावशी.”

“आन् आमी जाळला त्यो कुणाचा?”

 त्या दुसऱ्याची, तपासणीसाठी ठेवलेली एक दाढ तेवढी आमच्याकडे उरली होती.

परतताना कुर्डुवाडी गेल्यावर त्या म्हणाल्या, “दोन मणक्यांत मला अख्खा माणूस दिसला. तिला हवा होता म्हणून दिसला.” त्यानंतर कुणी कितीही घाई केली, तरी अहवाल येईपर्यंत त्यांनी एकही हाड कुणाच्या हाती दिलं नाही. मीही देत नाही. लोक शिव्या घालतात.

म्हातारीचा दर महिन्याला बाईंना फोन यायचा. निवृत्त होताना त्यांनी तिला माझा नंबर दिला. गेल्या वर्षी बाई वारल्या. पुढचा फोन आला तेव्हा मी तिला ते सांगितलं.  तिच्या मुलाचा अजून पत्ता नाही, हेही तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

“ते व्हय,” ती म्हणाली. “पर त्या दुसऱ्या पोराची आई घावली का? घावली तर तिला सांगा, त्याचं दहावं-तेरावं आमी समदं नीट केलंय.”