मुलाखतीच्या पत्रावर पाहिलेली धार

आज सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मी खरखरीत दगडावर सुरी घासली आणि ओल्या लोखंडाचा वास आला. कित्येक वर्षांपूर्वी एकदा चामराजपेटच्या घरात आमचे वडील, अण्णा, अशीच सुरी घासत होते. धार बघायला त्यांनी मेजावरचा कागद उचलला आणि सरसर पट्ट्या पाडल्या.

"अण्णा, ते माझं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र!" अक्का ओरडली.

"सरी, बरं, असू दे, पण धार बघ! स्वल्पही अडकली नाही. आता या चिंध्या घेऊन कुठे जातेस?"

अक्का गेली नाही.

अण्णांचा वेंधळेपणा म्हणून हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षे हसत सांगितला. आज त्या हसण्याची चीड येते. त्या दिवशी सकाळी पोस्टमनकडून ते पत्र अण्णांनीच घेतलं होतं, फोडून वाचलंही होतं. मी शेजारीच बसले होते.