आमच्या खानदानात न्हाय

अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. सास्तूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. भर उन्हाळ्यात, तापल्या पत्र्याखाली, मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा घालून ते तागे उलगडत बसायचे. कुणी टोकलंच तर म्हणायचे, "सदरा झाकायलाच असतो की. उघडंच ऱ्हायचं तर शिवायचा कशाला?" गिऱ्हाईक हसायचं, विषय मिटायचा.

बाह्यांखाली सोरायसिस होता. कोपरांवर लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे. बाहेर कळलं तर लोक कोड म्हणतील, महारोग म्हणतील, आपल्या हातचं कापड कुणी घेणार नाही आणि पोरींची लग्नं अडतील, ही त्यांची धास्ती. ती उगीच नव्हती.

त्यांची धाकटी पोरगी सुनंदा दुकानातच ब्लाऊज शिवायची. तिची बोटं सुजायला लागली. लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला कातडीचा आजार?" सुनंदानं बापाकडं बघितलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं. अप्पा ताठ बसून म्हणाले, "आमच्या खानदानात न्हाय, साहेब. लई साफ खानदान हाय."

मग साधा वात समजून गोळ्या चालल्या आणि बोटं वाकत गेली. पुढं सुनंदाच्या कानामागं चट्टा उठला, तेव्हा कुठं अप्पांनी डॉक्टरांसमोर बाही वर केली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "दोन्हीचं मूळ एकच. शरीर स्वतःवरच उलटतं. हा कल रक्तातून येतो. सगळ्यांना आजार होतोच असं नाही, पण एकाच घरात एकाची कातडी धरतो, दुसऱ्याचे सांधे, तिसऱ्याची आतडी. आधी कळलं असतं तर वेळेत औषध देता आलं असतं." माझे वडील आतड्याच्या दुखण्यानंच खंगत गेले. अप्पांचे सख्खे भाऊ ते.

त्यानंतर अप्पा भेटले की एकच विचारायचे, "म्या तवाच बोललो असतो तर गं?" मला त्यांचा फार राग यायचा, पण तो चेहरा बघून मी उठून चहा ठेवायचे.

गेल्या वर्षी अप्पा गेले. आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवतात आणि कपाळावर विभूतीच्या तीन आडव्या रेघा ओढतात, तीन बोटं जोडून. सुनंदा पुढं झाली. तिची बोटं जुळेनात. रेघा वाकड्या उठल्या, एक तर भुवईवर उतरली. शेजारची बाई पुसून नीट ओढायला वाकली.

सुनंदानं तिचा हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, काकू. माझ्या हातच्या हायत."